सुकाणूचा दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे का जाते?

किनारपट्टी (प्रश्न)

गेल्या महिन्यात हर्णै येथे मावसभावाच्या लहान होडीचे सुकाणू थोडा वेळ माझ्या हाती आले. होडीच्या मागच्या बाजूला इंजिन आहे आणि त्याच्याच दांड्याने होडी वळवावी लागते. वीस वर्षे मोटार चालवण्याची सवय असल्यामुळे उजवीकडे वळायचे म्हणून मी दांडा उजवीकडे ढकलला, तर होडी डावीकडे, नांगरून ठेवलेल्या दुसऱ्या होडीच्या रोखाने वळली. भावाने वेळीच दांडा हातातून घेतला म्हणून टक्कर टळली. तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळत आहे. मोटारीच्या चाकाची दिशा सरळ आणि होडीच्या दांड्याची उलटी, असे खरोखर म्हणता येईल का, की दोन्ही केवळ माणसाने ठरवलेले संकेत आहेत? टायटॅनिकच्या वेळी सुकाणूचा हुकूम उलट दिशेचा होता असेही ऐकले आहे. त्यात तथ्य किती, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त दर्यावर्दी

दांड्याची दिशा कोणी ठरवलेली नाही, ती तरफेतूनच येते. सुकाणू ज्या खिळीभोवती फिरते तिच्या मागे पाते असते आणि पुढे दांडा; म्हणून दांडा उजवीकडे गेला की पाते डावीकडे जाते, पुढून वाहत येणारे पाणी पात्याच्या डाव्या अंगावर आदळते, होडीचा मागचा भाग उजवीकडे सरकतो आणि तोंड डावीकडे वळते. आपल्या होडीत पात्याऐवजी इंजिनाचा पंखाच तिरपा होतो, पण परिणाम तोच. येथे एक गोष्ट मोटार चालवणाऱ्याने पक्की ध्यानात ठेवावी: होडी पुढून वळत नाही, तिचा मागचा भाग बाहेर फेकला जातो. धक्क्याला लागलेली होडी सोडताना नवखा माणूस तोंड बाहेर काढायला जातो आणि मागची बाजू धक्क्यावर आपटतो, ती याच कारणाने.

मोठ्या जहाजांवर अठराव्या शतकाच्या आरंभी चाक आले. चाकापासून दांड्यापर्यंत दोर आणि कप्प्या असत, आणि दोर कसा ओवायचा हे जहाज बांधणाऱ्याच्या हाती होते. त्यामुळे चाक जहाजाच्याच दिशेने फिरवायचे की दांड्याच्या दिशेने, हे दोन्ही प्रकारे करता येत होते आणि काही जहाजांवर ते दांड्याच्या दिशेने फिरत असे. हुकूम मात्र ब्रिटिश जहाजांवर दांड्याच्या दिशेचेच राहिले. म्हणून १९१२ साली टायटॅनिकवर हिमनग दिसताच ‘पूर्ण उजवीकडे’ असा हुकूम दिला गेला, तेव्हा जहाज डावीकडे वळवावे असाच त्याचा अर्थ होता. सुकाणूवरील रॉबर्ट हिचेन्स याने ते त्याच अर्थाने पाळले. जहाज डावीकडे वळू लागले आणि हिमनग उजव्या कुशीला घासला. हुकूम उलट असल्यामुळे अपघात झाला, असा निष्कर्ष त्यातून काढू नये. त्या काळच्या दर्यावर्दीला तो हुकूम उलटा वाटतच नव्हता.

ही पद्धत बदलली ती लंडन येथील १९२९ च्या सागरी सुरक्षा करारानंतर. जहाजाचे तोंड ज्या बाजूला वळवायचे तीच बाजू हुकुमात उच्चारावी, असे त्यात ठरले. ब्रिटिश जहाजांवर हा बदल १९३३ मध्ये लागू झाला.

यंत्रशाळा

मी अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांना मोटारीची यंत्ररचना शिकवतो. वरील उत्तराला मोटारीच्या बाजूने एक जोड देतो. मोटारीत यंत्ररचना दिशा ठरवत नाही, दिशा आधी ठरते आणि रचना तिच्यामागे जाते. स्टिअरिंग रॅक, म्हणजे पुढची चाके वळवणारी आडवी दातेरी पट्टी, पुढच्या आसाच्या पुढे बसवला, तर उजवीकडे वळताना तो उजवीकडे सरकला पाहिजे. तोच आसाच्या मागे बसवला, तर डावीकडे. दोन्ही प्रकारच्या गाड्या रस्त्यावर धावत आहेत आणि चालकाला त्याचा पत्ताही नसतो, कारण रॅकच्या कोणत्या अंगाला पिनियन (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक) भिडवायचे हे त्यानुसार बदलले जाते.

आरंभीच्या मोटारींना गोल चाक नव्हतेच. कार्ल बेन्झ यांची १८८६ ची तीनचाकी उभ्या दांड्यावरील मुठीने वळत असे. १८९४ च्या पॅरिस–रूआँ स्पर्धेत आल्फ्रेद वाशराँ यांनी आपल्या पानार मोटारीला गोल चाक बसवले होते. चाकाचा खरा लाभ असा, की ते अनेक फेरे फिरू शकते. त्यामुळे मध्ये दाते घालून हाताचा जोर वाढवता येतो आणि खड्ड्याचा हिसका थेट मनगटापर्यंत पोहोचत नाही.

आता ‘सरळ’ आणि ‘उलटे’ याविषयी. चाक उजवीकडे फिरवले असे आपण म्हणतो, तेव्हा चाकाचा केवळ वरचा काठ उजवीकडे गेलेला असतो. खालचा काठ त्याच क्षणी डावीकडे जातो. आपली नजर वरच्या काठावरून रस्त्याकडे जाते, म्हणून आपण वरचा काठ प्रमाण मानतो. माझ्या मते हाताची हालचाल आणि नजरेसमोरचे वळण जुळणे यालाच आपण नैसर्गिक म्हणतो.

तीन चाके दोन चाके

यंत्रशाळा यांचे शेवटचे वाक्य मला पूर्णपणे पटत नाही. सायकलच्या हँडलची उजवी मूठ पुढे गेली की पुढचे चाक डावीकडे वळते. विमानात मात्र उजवा पाय पुढे दाबला की विमानाचे नाक उजवीकडे वळते. म्हणजे शरीराची तीच बाजू पुढे जाते आणि दिशा उलट मिळते, तरीही सायकलस्वार आणि वैमानिक दोघांनाही आपापली पद्धत सहज वाटते. मग हे नजरेपेक्षा सवयीचेच काम नव्हे काय?

मोटारसायकलचे उदाहरण तर याहून बोलके आहे. वेगात असताना उजवीकडे वळण्यासाठी उजवी मूठ किंचित पुढे ढकलावी लागते. चाक क्षणभर डावीकडे जाते, गाडी उजवीकडे कलते आणि मग त्या कलाने वळते. विमानाच्या शोधकांपैकी एक विल्बर राइट यांनी सायकलस्वारांना याविषयी मुद्दाम विचारून पाहिले होते, आणि आपण आधी उलट बाजूला हँडल वळवतो हे त्यांच्या लक्षातच आलेले नव्हते. मी काही वर्षे मोटारसायकल चालवल्यानंतर रिक्षा चालवू लागलो. हँडल तसेच, पण रिक्षा कलत नाही, त्यामुळे उजवीकडे वळायला डावी मूठ पुढे न्यावी लागते. पहिले काही दिवस वळणावर माझे हात चुकीच्या बाजूला जोर देत आणि मला मुद्दाम विचार करून ते थांबवावे लागत.

किनारपट्टी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागचा भाग बाहेर जातो, हे वाचल्यावर त्या दिवशी होडी माझ्या अंदाजापेक्षा इतकी जास्त का फिरली तेही उमगले. एक उपप्रश्न विचारतो: दांड्याची अशी उलट दिशा जमिनीवर, रोजच्या कामात, कोठे भेटते का?

ऊसवाहतूक

होय. एका आसाची ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना हेच घडते. ट्रॉलीचे शेपूट उजवीकडे न्यायचे असेल, तर आधी स्टिअरिंग डावीकडे फिरवावे लागते, कारण ट्रॅक्टरचा मागचा भाग डावीकडे जातो, जोडाची खिळी डावीकडे सरकते आणि ट्रॉली आपल्या चाकांभोवती उलट फिरते. तुमच्या सुकाणूचा दांडा म्हणजे आमची ट्रॉलीची दांडी समजा. नव्या मुलाला शिकवताना मी त्याला स्टिअरिंगचा खालचा काठ धरायला सांगतो. मग ट्रॉली जिकडे न्यायची तिकडेच हात न्यायचा. यंत्रशाळा यांनी सांगितलेला तो खालचा काठ येथे उपयोगी पडतो, आणि ट्रॉली आडवी होऊ लागली की थांबून पुढे घ्यायची, ओढाताण करायची नाही, एवढे सांभाळले की मुलगा दोन-तीन दिवसांत वजनकाट्यावर ट्रॉली नीट लावतो.