उसाची एफआरपी आणि एमएसपी
कोणीतरी लिहिलंय की उसालाही गव्हासारखी एमएसपी, म्हणजे किमान आधारभूत किंमत मिळते, तसं नाहीये. उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर किंमत असते, २००९ मध्ये ऊस नियंत्रण आदेश १९६६ बदलून आणली, शिफारस कृषी मूल्य आयोगच करतो पण पैसे सरकार देत नाही, कारखाना देतो, तेही १४ दिवसांत, नाहीतर १५ टक्के व्याज. २०२५-२६ ला १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये. घोळ होतो कारण साखरेलाही 'एमएसपी' आहे, पण ती किमान विक्री किंमत, २०१९ ला किलोला २९ची ३१ केली.

आमच्या घरी उसाचं बिल आलं की वडील आधी तोडणी-वाहतुकीची कपात बघतात, कारण एफआरपी कारखान्याच्या गेटवरची असते, तिथपर्यंतचा खर्च त्यातूनच जातो. हे एकदा बिलावर बघा, परत विसरणार नाही.