मदत हवी आहे: जुनी फायबर बोट घेतोय, डेक आतून सडलाय का हे कसं ओळखायचं? (रविवारपर्यंत टोकन द्यायचंय)

गंगापूररोडकर | गुरुवार, रात्री ९:४०

मंडळी, तातडीने सल्ला हवाय. जुनी फायबरची बोट बघून आलो. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झालं. बाकी सगळं ठीक वाटलं, फक्त डेकवर एका ठिकाणी पाय दिला की किंचित दबल्यासारखं होतं. मालक म्हणतो, फायबरला तेवढी लवचीकता असतेच. खरं आहे का? आत पाणी मुरलं असेल तर बोट न फोडता कसं कळणार? १ लाख ८५ हजार सांगतोय. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणे, त्यामुळे रविवारपर्यंत टोकन द्यावं लागेल. कृपया 'नेटवर शोधा' असं सांगू नका, दोन रात्री तेच केलंय.

सातपाटीचा_नाखवा | रात्री १०:०५

किती फुटी? आहे कुठे? खाऱ्या पाण्यात चालली की गोड्या? डेक म्हणता तो नाळेकडचा वरचा भाग, की तुम्ही उभे राहता ते खालचं फ्लोअर? आत प्लायवुड आहे, बाल्सा (हलकं लाकूड) आहे की फोम? चालवणार कुठे? यातलं काहीच लिहिलेलं नाही. सांगायचं काय?

गंगापूररोडकर | रात्री १०:११

पुढचाच डेक हो. १८ फुटी, अलिबागच्या बाजूला आहे. पर्यटक फिरवायचे त्यात. आत काय आहे ते कसं कळणार? वरून तर फायबरच दिसतं. दोन फोटो टाकलेत.

सातपाटीचा_नाखवा | रात्री १०:३०

फोटो पाहिले. डेक बहुतेक वेळा सलग फायबरचा नसतो. वर फायबरचा थर, खाली फायबरचा थर आणि मधे प्लाय, बाल्सा नाहीतर फोम. यालाच कोअर म्हणतात. मधल्या जाडीमुळे डेक हलका राहूनही ताठ होतो. फायबर पाण्याने कुजत नाही, मधलं लाकूड कुजतं. पाणी शिरतं ते स्क्रूच्या भोकांतून: दोर बांधायची क्लीट, रेलिंगचे पाय, नांगराच्या पेटीचं झाकण. क्लीटवर रोज ओढ बसते, तिथलं सीलंट सुटतं आणि थेंब थेंब पाणी आत जातं. मग लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं, दोन्ही थर मधल्या कोअरपासून सुटतात आणि पाय दिला की दबतं. धडधाकट डेक एका माणसाच्या वजनाने दबत नाही. मालकाचं म्हणणं पटण्यासारखं नाही.

दुसरा फोटो मोठा करून बघा. डाव्या क्लीटभोवती वीतभर भागाचा रंग बाकी डेकपेक्षा ताजा आहे. तिथे काय झालं होतं हे विचारलंत का?

गंगापूररोडकर | रात्री १०:३४

नाही विचारलं. ते लक्षातच आलं नव्हतं.

निवृत्त_अभियंता_इंदिरानगर | रात्री ११:०२

अंदाजपंचे कशाला? ओलावा मोजायचं मीटर मिळतं. प्लायवुडच्या दुकानदाराकडून तासाभरासाठी मागून न्या. आकडा समोर आला की मालकाचं तोंड आपोआप बंद होतं.

फायबरवाला_अंबड | रात्री ११:२०

काका, राग मानू नका, पण प्लायवुडवाल्याकडचं मीटर दोन टाचण्यांचं असतं. टाचण्या लाकडात रुतवाव्या लागतात, फायबरमध्ये त्या जाणार कुठून? फायबरसाठी टाचण्या नसलेलं, वरूनच वाचणारं मीटर लागतं. तेही चकवतं. वर दव असेल, मिठाचा थर असेल, खाली धातूची पट्टी किंवा टाकी असेल तर डेक कोरडा असूनही आकडा चढतो. सध्या पाऊस चालू आहे आणि बोट उघड्यावर आहे. आकडा काहीही येईल.

मी १४ वर्षं एमआयडीसीत फायबरच्या टाक्या आणि मशीनची कव्हरं बनवतोय. माझा भरवसा कानावर. प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि मुठीने हलके ठोका. लोखंडी हातोडी नको, जेलकोट म्हणजे वरचा गुळगुळीत थर टिचेल. आधी कडेला, जिथे डेक खालच्या सांगाड्याला जोडलाय तिथे ठोका. तिथला आवाज कानात बसवा: टक्, टक्, स्वच्छ आणि लगेच थांबणारा. मग चार-चार बोटांवर ठोकत सगळा डेक पालथा घाला. जिथे आवाज 'थप' असा बसका येईल तिथे खडूने खूण करा. शेवटी मागे सरून बघा, खुणा जोडल्या की आतला नकाशाच दिसतो.

आवाज बदलला म्हणजे सडलंच असं मात्र नाही. खाली आडवी भिंत आली की आवाज भरीव होतो. तो बदल सरळ रेषेत होतो. सडका भाग वेडावाकडा पसरतो आणि बहुतेक वेळा एखाद्या स्क्रूपाशी सुरू होतो.

निवृत्त_अभियंता_इंदिरानगर | रात्री ११:३१

कान प्रत्येकाचा वेगळा. आकडा सगळ्यांना सारखाच दिसतो.

फायबरवाला_अंबड | रात्री ११:३६

मान्य. पण चुकीचा आकडाही सगळ्यांना सारखाच दिसतो ना काका.

वाघाडकर | शुक्रवार, सकाळी ७:१०

जुनी बोट घेऊच नका. ॲल्युमिनियमची घ्या, सडायचा प्रश्नच नाही. आमच्याकडे द्राक्षबागेच्या शेततळ्यात तराफा होता, चार ड्रम आणि पत्रा, अजून काही झालेलं नाही. शेततळ्याचा कागद कडेला फाटलाय, तो जोडणारा कोणी चांगला माहीत असेल तर सांगा, दिंडोरीकडचा असेल तर बरं.

दर्यावर्दी_दापोली | सकाळी ८:२५

इंजिन खाऱ्या पाण्यात चाललंय ना? मग पाईप लावून गोड्या पाण्याने चालवून बघा. थंड करणाऱ्या पाण्याची धार मागून जोरात यायला हवी. धार बारीक असेल तर आत मीठ धरलंय. गिअरचं तेल काढून बघा, दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. प्लगही काढून बघा. मी २ वर्षांपूर्वी असंच इंजिन घेतलं आणि पहिल्याच महिन्यात पाण्याचा पंप गेला, त्यामुळे आवर्जून लिहितोय.

गंगापूररोडकर | सकाळी ९:००

धन्यवाद, पण इंजिनचं विचारलेलं नाही. डेकचं सांगा.

गोदाकाठची | सकाळी ९:४५

बोट गंगापूर धरणात घालणार आहात का? नाशिक त्याच धरणाचं पाणी पितं. त्यात पेट्रोलचं इंजिन आणि तेल गळणारी जुनी बोट, याचा काही विचार? जलसंपदा विभागाची परवानगी घेतली आहे का? आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार इंजिनच्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते. ती कागदपत्रं मालकाकडे आहेत का? डेकच्या आधी हे बघा.

गंगापूररोडकर | सकाळी १०:२०

ताई, गंगापूर नाही, दारणेच्या बॅकवॉटरला आमच्या मोठ्या भावाची मच्छीमार सोसायटी आहे, बोट त्यांच्यासाठी. परवानगीचं सोसायटीचे सचिव बघतात, कागद आज मागवतो. भाऊ आणि अजून तिघे पुढच्या डेकवर उभे राहून जाळं ओढणार आहेत. आत्ता लाकडी होडीत जागा पुरत नाही. मागच्या पावसाळ्यात वाऱ्यात होडी कलंडली होती, भाऊ वाचला, जाळं गेलं. म्हणून घाई आहे.

सातपाटीचा_नाखवा | सकाळी १०:४१

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. पर्यटकांच्या बोटीत पुढच्या डेकवर फार तर एक पोऱ्या दोर टाकायला जातो. तुमच्याकडे चार माणसं ओलं जाळं ओढत उभी राहणार. आज किंचित दबतं ते एका हंगामात खाली जाईल, आणि त्या वेळी एकाचा पाय आत अडकलेला असेल.

आता नीट ऐका.
खालून बघा. नांगराची पेटी उघडा, टॉर्च घेऊन डोकं आत घाला. क्लीटच्या नटाखाली मागची प्लेट आहे की नुसते वॉशर? नटाभोवती तपकिरी ओघळ आहेत का? वरचा रंग काल मारता येतो, खालच्या बाजूला सहसा कोणी रंग लावत नाही.

भेगा बघा. क्लीटभोवती चांदणीसारख्या फुटलेल्या असतील तर तिथे आपट बसलीय नाहीतर नट जास्त आवळलाय. कडेला एकमेकींना समांतर असतील तर डेक वारंवार वाकतोय, ती जास्त वाईट.

मालक तयार असेल तर क्लीटचा एक स्क्रू काढायला लावा. कोरडा, स्वच्छ आला तर उत्तम. काळपट चिखल लागून आला तर निकाल लागला. खालच्या बाजूने ३ मिमीचं भोक पाडून भुसा बघणं याहून पक्कं, पण बोट तुमची नाही, त्याच्या परवानगीशिवाय ड्रिल बाहेर काढू नका.

आणि डेकइतकाच ट्रान्सम बघा, म्हणजे इंजिन लटकतं ती मागची पाटी. तिच्यातही बहुतेक प्लायच असतो. इंजिन खाली सोडून त्याचा पाय दोन्ही हातांनी धरा आणि वर-खाली हलवा. पाटी हलली किंवा कोपऱ्यात भेग उघडमीट करताना दिसली तर पैसे खिशात ठेवा. डेक दुरुस्त होतो. ट्रान्सम मोठं काम आहे.

फायबरवाला_अंबड | सकाळी ११:१५

नाखवादादांशी सहमत. डेकचा तुकडा वीतभर असेल तर काम माझ्याकडे होईल. वरचा थर कापायचा, सडलेलं कोअर खरवडून काढायचं, पूर्ण वाळवायचं, नवीन प्लाय बसवून मॅट (काचेच्या तंतूंचं कापड) आणि रेझिन. वाळवायला मात्र दिवस द्यावे लागतात. घाईत ओल्यावर मॅट मारली की वर्षभरात पुन्हा तेच.

दर्यावर्दी_दापोली | सकाळी ११:३०

रेझिन कुठलं? जुन्या फायबरवर साधं पॉलिएस्टर नीट धरत नाही. इपॉक्सीच वापरा.

फायबरवाला_अंबड | सकाळी ११:४४

इपॉक्सीची पकड जास्त, हे खरं. पण नेहमीची मॅट इपॉक्सीत नीट भिजत नाही, तिच्यातले तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो. इपॉक्सीला विणलेलं कापड घ्यावं लागतं. आणि कोणी घरी करणार असेल तर हात जोडून सांगतो: कोबाल्ट (पॉलिएस्टर रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर कधीही थेट एकत्र ओतू नका. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर. नाहीतर भडका उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. आमच्या शेडमध्ये एका पोराच्या डोळ्यात हार्डनरचा थेंब गेला होता, त्याची ती ओरड अजून आठवते.

चांदवडकर | दुपारी १:०५

अवांतर: बोटींचा विषय निघालाय म्हणून. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याने नौका वल्हवली, १३ वा आला. दुष्काळी गावातला पोरगा. जिल्ह्यात मुलांसाठी रोइंग सुरू व्हायला हवं.

गोदाकाठची | दुपारी १:२०

+१. आणि वल्ह्यांनी पाण्यात तेल जात नाही.

गंगापूररोडकर | शनिवार, रात्री १०:५०

आत्ता घरी पोचलो. कसाऱ्यात धुकं आणि पाऊस, उशीर झाला.

सांगितलं तसं केलं. बोट मांडवाखाली ओढून घेतली, पुसली, आणि भाऊ व मी दोघांनी आळीपाळीने ठोकलं. मीटर नेलं नाही, काका माफ करा. कडेला टक् आवाज, आणि डाव्या क्लीटपाशी आलो की थप. पहिल्यांदा दोघांनाही फरक कळला नाही, पाच मिनिटांनी कान बसला. खडूच्या खुणा जोडल्या तर वीतभर नाही, दीड हात लांब पट्टा निघाला, नांगराच्या पेटीपर्यंत. पेटीत खालून दोन तपकिरी ओघळ. मालकाने स्वतःच पाना आणून स्क्रू काढला. दाताच्या कडेला काळा लगदा होता, बोटाने चोळला तर ओल्या मातीसारखा पसरला. मालक बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिला. म्हणाला, दोन वर्षांपूर्वी तिथे भेग होती, पोराने पुट्टी भरून रंग मारला, आत असं असेल हे ठाऊक नव्हतं. मला तो खोटं बोलतोय असं वाटलं नाही.

तोवर भाऊ म्हणत होता, ४० हजार कमी करून घेऊ आणि अंबडला दुरुस्त करू. मग इंजिनचा पाय धरून हलवला. डाव्या कोपऱ्यात केसाएवढी भेग होती. वर उचललं की उघडायची, सोडलं की मिटायची. दोनदा करून बघितलं. भावाने बघितलं आणि काही न बोलता चपला घातल्या.

टोकन दिलं नाही. त्या बोटीत मी माझ्या भावाला उभं करू शकत नाही. नाखवादादा, तुमचे उपकार. १६ ते १८ फुटी, ट्रान्सम पक्का असलेली कोणाच्या माहितीत असेल तर कळवा. डेकचं आम्ही बघून घेऊ.

फायबरवाला_अंबड | रात्री ११:०४

पुढची बघायला जाल तेव्हा मला फोन करा, रविवार असेल तर मी येतो. पैसे नकोत.

सातपाटीचा_नाखवा | रात्री ११:१०

बरं केलंत. तो स्क्रू परत बसवून आलात का? भोक उघडं असेल तर या पावसात पाणी सरळ आत जाईल.

गंगापूररोडकर | रात्री ११:१३

स्क्रू नुसता बसवलाय, सीलंट नव्हतं. उद्या सकाळी मालकाला फोन करून सांगतो.