सूत्रकृमीशी लढायचं कुठे: झाडाच्या जनुकांत की मातीत?

शिवारकर:
टोमॅटोचं झाड दुपारी माना टाकतं, पाणी देऊनही सावरत नाही. उपटून बघावं तर मुळं गाठींनी भरलेली. दुकानातून ड्रेंचिंगची, म्हणजे मुळाशी ओतायच्या औषधाची, बाटली आणायची आणि पुढच्या हंगामात पुन्हा तेच. माझं मत असं की संशोधनाचा पैसा आता झाडाच्या जनुकांवर लागला पाहिजे.

कारण या गाठी करणारा सूत्रकृमी, म्हणजे मातीतला दोऱ्यासारखा बारीक किडा, मूळ कुरतडत नाही. अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरतं, रसवाहिन्यांजवळच्या मोजक्या पेशी निवडतं आणि तोंडातल्या सुईतून त्यांत प्रथिनं सोडतं. पुढे त्या पेशींत केंद्रकं वाढत जातात, पण पेशी काही दुभंगत नाही. ती फुगते आणि पिल्लाला अन्न पुरवत राहते. वाढीची, पेशीभित्ती सैल करणारी, साखर ओढणारी जनुकं जोरात चालतात, संरक्षणाची बरीच जनुकं मात्र दबून जातात. मादी तिथेच बसून शेकडो अंडी घालते. हे सगळं झाडाच्याच जनुकांकडून करवून घेतलं जातं, मग तीच बदलायला काय हरकत आहे? आपल्याकडे काही जनुक-संपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, पिकांना २०२२ मध्ये नियमांत सूट मिळाली, २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. भाजीपाल्याचा नंबर कधी?

काळी_माती:
टोमॅटोत प्रतिकारक जनुक आहेच की! १९४० च्या दशकात पेरू देशाकडच्या रानटी टोमॅटोतून ‘एमआय’ आणलं. किडा तोंड लावतो तिथल्या पेशी दिवसभरात मरतात आणि तो उपाशी राहतो. फार सुंदर यंत्रणा आहे, पण जमीन २८ अंशांवर तापली की ती ढिली पडते. आपल्या उन्हाळी टोमॅटोत माती किती तापते ते वाफ्यात हात घालून बघा. शिवाय ‘एंटेरोलोबी’ ही सूत्रकृमीची जात या जनुकाला जुमानतच नाही, आणि ती आपल्या देशात पेरूच्या बागांत शिरलेली आहे. आणखी एका जनुकाच्या भरवशावर शेतकऱ्याला सोडू नका.

शिवारकर:
कॅलिफोर्नियात त्याच ‘एमआय’वर कित्येक दशकं टोमॅटो पिकतोय, ते कसं विसरता? आणि मी ‘एमआय’सारख्या, किडा आल्यावर हल्ला करणाऱ्या पहारेकरी जनुकाबद्दल बोलतच नाहीये. किड्याला ज्या जनुकांची गरज लागते ती बदलायची, म्हणजे त्याला पोसणाऱ्या फुगलेल्या पेशींचं घरच बांधता येणार नाही.

पेशीपुराण:
मी या विषयात काम करते, म्हणून इथे अडवते. ती जनुकं किड्यासाठी ठेवलेली नाहीत, झाडाच्या वाढीची आहेत. बीटवरच्या सूत्रकृमीचं उदाहरण घ्या. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगातल्या रोपात ‘मायआरएनए ३९६’ हा छोटा रेणू वाढीच्या काही जनुकांना आवर घालतो. किडा आपलं घर बांधताना सुरुवातीला हा रेणू कमी होतो. तो मुद्दाम वाढवला की घर लहान राहतं, किडाही खुंटतो. पण त्याच रेणूच्या वाढीने पानंही बारीक राहतात. असं रोप कोण लावणार? बदल फक्त मुळात, तोही किडा आल्यावरच व्हायला हवा. ते जमेल, पण साध्या ‘जनुक बंद करा’ने नाही.

काळी_माती यांच्या बाजूने एक भर. अमेरिकेत सोयाबीनच्या सूत्रकृमीसाठी जवळपास सगळे प्रतिकारक वाण ‘पीआय ८८७८८’ या एकाच मूळ वाणावरून काढले. त्या वाणात गुणसूत्राचा एक तुकडा सुमारे दहा वेळा ओळीने येतो, त्यातून प्रतिकार मिळतो. सगळीकडे तेच पेरल्याने किडे त्याला सरावले.

शिवारकर:
तुमचा पानांचा मुद्दा मान्य, पण तो मला अधिक संशोधनाचं कारण वाटतो. पहिल्या प्रयत्नात अडचण आली म्हणून मार्ग सोडायचा नसतो.

काळी_माती:
संशोधन करा ना, पण आधी शेतकऱ्याला गाठ ओळखायला शिकवा. तुरीच्या मुळावरची नत्राची गाठ नखाने अलगद निघते. सूत्रकृमीची गाठ मूळच सुजून झालेली असते, ती काढायला गेलं की मूळ तुटतं. माझ्या ओळखीत एकाने गाठी बघून ‘रायझोबियम (नत्राच्या गाठी करणारे जिवाणू) जोरात आहे’ म्हणत दोन हंगाम घालवले. अनेकदा हा किडा रोपवाटिकेच्या पिशवीतून येतो. रोपं विकताना मुळं धुऊन तपासण्याची सक्ती करा, मध्ये एक पीक झेंडूचं घ्या, लागवडीत निंबोळी पेंड घाला. या उपायांसाठी नवं वाण यायची वाट बघावी लागत नाही.

पेशीपुराण:
सक्तीला माझा पाठिंबा. मात्र झेंडूची प्रत्येक जात प्रत्येक सूत्रकृमीवर चालत नाही. आपल्या रानात सूत्रकृमीची कोणती जात आहे हे माती तपासून कळल्याशिवाय झेंडू काय आणि ‘एमआय’ काय, दोन्ही अंदाजानेच लावणं आहे. पहिला पैसा त्या तपासणीला द्या.