सूट आहे, तरी पैसे अडतात
एका ताईंनी विचारलंय की संयुक्त राष्ट्रांनी मदतीच्या पैशांना निर्बंधांतून सूट दिलेली असताना येमेनला औषधांसाठी पाठवलेले पैसे बँका अडवतात कशाला? वडोदऱ्याच्या रावपुऱ्यात बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून लिहितो.

सूट खरी आहे. सुरक्षा परिषदेचा ठराव २६६४, डिसेंबर २०२२. चौदा मतं बाजूने, आपण तटस्थ. पण डॉलर बहुधा न्यूयॉर्कच्या मधल्या बँकेतून फिरतात आणि तिथल्या संगणकाला निर्बंधांच्या यादीशी जुळणारं नाव दिसतं, हेतू नाही. कमिशन चिल्लर, दंड मात्र कोट्यवधींचा. कोण पडेल या भानगडीत?

आमच्या एका औषधवाल्या गिऱ्हाइकाचा सलाइनच्या बाटल्यांचा अ‍ॅडव्हान्स असाच लटकला होता. हेतूच्या रकान्यात नुसतं ‘औषधे’! बॅचवार इनव्हॉइस, जहाजाचं नाव, माल घेणाऱ्या रुग्णालयाचं पत्र असं सगळं दिल्यावर तीन आठवड्यांनी सुटला. तोवर माल मांजलपूरच्या गोदामात धूळ खात होता.

तेव्हा कागद आधी, पैसे मागून. रक्कमही हप्त्यांनी, एक अडला तरी बाकीचे हातात राहतात. शक्य तर इथल्याच कारखान्याला रुपयांत पैसे द्या आणि माल मोठ्या संस्थेमार्फत जाऊ द्या, म्हणजे निदान तुमचा पैसा तरी सीमा ओलांडत नाही.

आणि कुणी हवाला सुचवलाय. अफगाणिस्तानात २०२१नंतर कित्येक संस्थांनी तो वापरला, कबूल. पण इथून कराल तर फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा भंग. त्या वाटेला जाऊच नका.

ट्रस्टचा परदेशातला खर्च आयकराच्या सवलतीत सहसा बसत नाही, तेही सीएंना आधीच विचारून घ्या.