अनुभव धागा: लिनक्सवर मराठी आवाज गप्प बसतो तेव्हा

मंडळी, उबंटू, मिंट, डेबियन, फेडोरा काय असेल ते, त्यावर मजकूर वाचून दाखवणारा आवाज चालू करताना तुम्हाला काय त्रास झाला आणि शेवटी तो कशाने गेला ते इथे लिहा. ऑर्का, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, रोज वापरणाऱ्यांनी तर नक्की लिहा, कारण आमच्यासारखे डोळस लोक नुसतं 'चालतंय' म्हणून उठतात, पुढे वापरणाऱ्याचं काय होतं ते आम्हाला कळत नाही.

सुरुवात मीच करतो, रत्नागिरीहून. माझ्या काकांची नजर काचबिंदूने गेली, म्हणून त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर मी हे सगळं बसवलं. एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑर्का स्वतः बोलत नाही, तो मजकूर स्पीच डिस्पॅचर नावाच्या मधल्या दुव्याला देतो, डिस्पॅचर तो मजकुराचा आवाज बनवणाऱ्या ईस्पीक एनजीकडे (थोडक्यात ईस्पीक) ढकलतो, आणि तिथनं तयार झालेला आवाज पाइपवायर नाहीतर पल्सऑडिओ ही ध्वनियंत्रणा स्पीकरपर्यंत नेते. तेव्हा आवाज आला नाही की लगेच सगळं पुसून परत टाकायला बसू नका. टर्मिनलात आधी थेट ईस्पीकला मराठीत बोलायला लावा, तो बोलला तर एसपीडी-से ही आज्ञा वापरून तेच वाक्य डिस्पॅचरला द्या, तेही बोललं तर घोळ ऑर्काच्या सेटिंगात आहे. ज्या पायरीला गप्प होईल तिथे हात घाला, बाकीच्याला लावू नका.

देवगड
आमच्याकडे आवाज येत होता पण मराठी धड वाचत नव्हता. डिस्पॅचरच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलीत मूळ भाषा इंग्रजी असते, ती मराठी केली आणि ऑर्काच्या प्रेफरन्सेसमध्ये 'व्हॉइस' टॅबला जाऊन तिथेही मराठी निवडलं. दोन्हीकडे बघायचं, एकीकडे करून भागत नाही. मित्राने हिंदी आवाज लावून दिला होता, म्हणे लिपी एकच ना! मग गावांची नावं ऐकवत नव्हती हो.

चिपळूण
अपडेटनंतर आवाज बंद. कुठला आवाज कुठे जातो ते दाखवणारं पाव्ह्यूकंट्रोल उघडलं तर सगळा आवाज एचडीएमआयकडे, म्हणजे मॉनिटरच्या केबलीकडे चाललेला, आणि तिकडे मॉनिटर आहे बिनस्पीकरचा. बदललं, संपलं.

अलिबाग
एक लिहितो, कारण हे मी बऱ्याच जणांकडे बघितलंय. बोलत नाही म्हणून लोक आज्ञेच्या पुढे सुडो लावून, म्हणजे रूट ह्या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने, चालवून बघतात. त्याने रूटच्या नावाने वेगळाच डिस्पॅचर सुरू होतो आणि त्याचा आवाज तुमच्या सेशनपर्यंत पोचेलच असं नाही, वर आणि तो साउंड कार्ड अडवून बसला तर तुमचाही बंद. अडकलेला डिस्पॅचर मारून टाका, पुढच्या वेळी काही बोलायला सांगितलं की तो आपोआप उठतो. तरी नाही जमलं तर कॉन्फिगमध्ये लॉग लेव्हल वाढवा आणि लॉग, म्हणजे डिस्पॅचरने स्वतः लिहिलेली नोंद, वाचा, त्यात बहुतेक वेळा सरळ लिहिलेलं असतं.

मालवण
माझ्याकडे दर वाक्याचं पहिलं अक्षर गिळायचा. 'मालवण'चं 'लवण' व्हायचं, तसं खोटं नाही म्हणा, समुद्रच आहे पुढ्यात. कारण असं निघालं की इंटेलचा एचडीए साउंड ड्रायव्हर वीज वाचवायला कार्डाला झोपवतो, आणि ते जागं होईपर्यंत पहिला आवाज निघून जातो. पॉवर सेव्हची किंमत 0 केली, आता नीट बोलतो. बॅटरी थोडी जास्त जाते, आणि पावसाळ्यात लाइट गेली की ते जाणवतं, पण ऑर्कावर काम करणाऱ्याला पहिलं अक्षरच कळलं नाही तर काय उपयोग?

दापोली
ह्याला आवाजाचा दोष म्हणू नका. सोसायटीची जुनी पत्रं, ठराव वगैरे वाचायला लावले की अगम्य बडबड. ती टाइप केलीत जुन्या फाँटात, म्हणजे दिसायला मराठी पण आत साठवलेली रोमन अक्षरं आणि चिन्हं, मग मशीन तीच वाचणार. कितीही आवाज बदला, आधी मजकूर युनिकोडमध्ये आणायला लागतो. स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये तर मजकूरच नसतो, नुसता फोटो, तिथे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टला मराठीचा डेटा देऊन आधी अक्षरं काढून घ्या. जोडाक्षरं चुकतात कधीकधी, पण अर्थ लागतो.

सावंतवाडी
चाललं सगळं, पण आजीने ऐकून विचारलं, "ह्यो कोण मेलो बोलता? जेवलो नाय काय?" ईस्पीकचा आवाज खरंच पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा. माणसासारखा काही नाही का?

रत्नागिरी, दुसरे एक
सावंतवाडीकर, मी स्वतः पूर्ण अंध आहे आणि मला तोच पत्र्याचा डबा हवाय. ईस्पीकचं मूळ 1995 सालचं, जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न कॉम्प्युटरसाठी लिहिलेलं, त्यात माणसाच्या बोलण्याचे तुकडे जोडत नाहीत, मुख्यतः फॉर्मंटवरून (घशातोंडात आवाज जसा घुमतो त्याच्या गणितावरून) आवाज बनवला जातो, म्हणून तो एवढासा आहे आणि की दाबली की लगेच बोलतो. मूळ वेग मिनिटाला 175 शब्द असतो, मी त्याच्या कितीतरी पुढे ठेवतो आणि तरी शब्द सुटे ऐकू येतात. गोड आवाज कादंबरी ऐकायला ठीक, पण ईमेल चाळताना दर ओळीला थांबायला लावणारा आवाज माझ्या कामाचा नाही. शिवाय नेटवरून येणारा असेल तर आषाढात रेंज गेली की मी आंधळा तो आंधळा, वर मुका कॉम्प्युटर. आजीला वेग कमी करून द्या, पिच थोडा खाली घ्या, सवय होईल.

वेंगुर्ला
वरचं सगळं करून बघितलं, टर्मिनलात एरर एक नाही, आणि स्पीकर गप्प. शेवटी अल्सामिक्सर, म्हणजे टर्मिनलातलं साउंड कार्डाचं नियंत्रण, उघडल्यावर कळलं, खाऱ्या हवेने हेडफोनचं जॅक आतनं गंजलंय आणि लॅपटॉपला वाटतं की हेडफोन लावलेलाच आहे, म्हणून तो स्पीकर बंद करून टाकतो. हेडफोन लागला की स्पीकर बंद करणारा ऑटो-म्यूट मोड डिसेबल केला, मग अल्साकंट्रोल (alsactl) ह्या आज्ञेने सेटिंग साठवून ठेवलं, नाहीतर रीस्टार्टला परत तेच. आता एवढंच झालंय की खरा हेडफोन लावला तरी स्पीकर बोलतच राहतो, आणि बँकेचं काम करताना सगळ्या घराला ऐकू जातं. जॅक न बदलता ह्यावर काही करता येतं का? किनाऱ्यावरच्या कुणी केलं असेल तर सांगा.