घरच्या घरी छोटं व्हर्च्युअल पिनबॉल मशीन: पैसे कशावर घालू?

प्लायचा_तुकडा
मंडळी, आपल्यापैकी बऱ्याच जणांसाठी पिनबॉल म्हणजे विंडोज एक्सपीवरचा स्पेस कॅडेट गेम, मीही त्यातलाच, साहेब जेवायला गेले की सुरू. आता घरी जुना पीसी पडून आहे (जीटीएक्स १०६०, १६ जीबी रॅम), एक २४ इंची मॉनिटर आहे, तर टेबलावर मावेल असं छोटं कॅबिनेट (खऱ्या मशीनसारखं खोकं, वर खेळायला मॉनिटर) करावं म्हणतोय. बजेट २५ हजार, ओढूनताणून ३०. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. लेक ८ वर्षांची, ती आत्ताच अख्ख्या सोसायटीला सांगून बसलीये. व्हिडिओत लोक सोलेनॉइड (वीज दिली की ठोका मारणारी कॉइल), खोकं थरथरवणारी शेकर मोटर, रंगीत एलईडी पट्ट्या काय काय लावतात, बघून हात शिवशिवतात. सुरुवात कुठून करू?

एक्सपीवाला
पहिले पंधरा दिवस सुताराला फोन करू नका. व्हिज्युअल पिनबॉल हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यात पिनबॉलची मशीनं म्हणजे ‘टेबलं’ पडद्यावर खेळता येतात, ते टाका, मॉनिटर उभा फिरवून दोन उशांवर तिरका झोपवा आणि कीबोर्डवर खेळा. दोन्हीकडच्या शिफ्ट म्हणजे फ्लिपर (बॉल उडवणारे दांडे), एंटर म्हणजे प्लंजर (बॉल आत सोडणारा दट्ट्या), ५ ने नाणं, १ ने गेम सुरू. एवढ्यात कंटाळा आला तर प्लायचे पैसे वाचले. तुमचं १०६० कार्ड १०८०पी ला पुरतं, त्याची काळजी नको.

सोल्डरगन
+१. आणि हात शिवशिवतात ते जरा खिशात ठेवा :) मी नेमकं उलटं केलं. आधी सोलेनॉइड आणले, ते चालवायचं सर्किट केलं आणि कॉइलवर डायोड लावायला विसरलो. कॉइल बंद होताना जो उलटा झटका येतो त्यात बोर्ड गेला, एक १एन४००७ डायोड लावला असता तर वाचला असता, दोन-चार रुपयांची वस्तू. बरं एवढं करून ते वाजायला लागल्यावर रात्री दहाला खालचे काका वर आले. फ्लॅटमध्ये हे प्रकरण नकोच. त्यापेक्षा कॅबिनेटच्या आतून प्लायला दोन ऑडिओ एक्सायटर (लाकूडच थरथरवणारे स्पीकर) चिकटवा. व्हिज्युअल पिनबॉलमध्ये टेबलाचे आवाज एका साउंड डिव्हाइसवर आणि संगीत दुसऱ्यावर असं वेगळं काढता येतं, मग बंपरचा (बॉल उसळवणाऱ्या खांबाचा) ठोका लाकडातून थेट बोटांना लागतो आणि आवाज हवा तेव्हा कमी.

मॉनिटरचं पॅनेल टीएन जातीचं असेल तर बदला, आपण त्याच्याकडे तिरकं बघतो आणि रंग विचित्र दिसतात. आयपीएस पॅनेल घ्या, जमलं तर १४४ हर्ट्झ. ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, १४४ ला ७. वाचताना हसू येतं पण बॉल फ्लिपरच्या टोकाला आला की हाच फरक बॉल घालवतो. टीव्ही वापरणार असाल तर गेम मोड (चित्र उशिरा दिसणं कमी करणारी सेटिंग) चालू केल्याशिवाय शिव्या देऊ नका.

शिकागोकर_बंडू
मी जिथे राहतो त्या शिकागोतच गॉटलिब, बॅली, विल्यम्स या पिनबॉल कंपन्या वाढल्या, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क घेतो. खरं टेबल नुसतं बटणांवर खेळत नाहीत हो, धक्के देऊन खेळतात, फार जोरात दिला की टिल्ट आणि बॉल गेला. तो धक्का नसेल तर सगळा खटाटोप महागडा कीबोर्ड आहे. म्हणून पहिला खर्च अ‍ॅक्सेलरोमीटर, म्हणजे धक्का ओळखणारा सेन्सर. केएल२५झेड या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर तो आधीच असतो, त्यावर पिनस्केप हे मोफत फर्मवेअर (बोर्ड चालवणारा प्रोग्राम) चढतं. तो बोर्ड नाही मिळाला तर पिनस्केपची रास्पबेरी पाय पिकोसाठीही आवृत्ती आहे, फक्त सेन्सर वेगळा जोडायचा. बोर्ड तळाला स्क्रूने घट्ट बसवा, दुतर्फी टेपने नाही.

आणि वजन घाला! खऱ्या टेबलाचं प्लेफील्ड साधारण ५१ बाय १०७ सेंमी असतं, तुमचा २४ इंची पडदा ५३ बाय ३०, म्हणजे लांबीला निम्मा. असलं हलकं खोकं धक्क्याने टेबलावरून घसरतं. आत दोन पेव्हर ब्लॉक ठेवा, खाली रबरी पाय.

प्लायचा_तुकडा
डोळे उघडले, धन्यवाद. सोलेनॉइड रद्द, बायकोने हे वाचून तुम्हा सर्वांना चहाचं आमंत्रण दिलंय. एक शंका, रॉम फाइलींचं (खऱ्या मशीनच्या चिपमधून काढलेल्या प्रोग्रामचं) काय? ते जरा चोरटं वाटतं.

एक्सपीवाला
चोरटं वाटतं कारण रॉमचे हक्क कंपन्यांकडे असतात. पण जुन्या इलेक्ट्रोमेकॅनिकल (चिप नसलेल्या, रिले आणि मोटरवर चालणाऱ्या) मशीनच्या टेबलांना रॉम लागतच नाही, सगळे नियम टेबलाच्या स्क्रिप्टमध्येच लिहिलेले असतात. हौशी लोकांनी स्वतः रचलेली नवी टेबलंही बहुतेक तशीच. लेकीला तीच द्या, रॅम्प कमी, नियम सोपे, आकडे खडखडत फिरतात ते तिला आवडेल.

सोल्डरगन
जाता जाता, मागच्या बाजूला वरती १२० मिमीचा पंखा बसवा आणि तळाला भोकं. मे महिन्यात बंद खोक्यात पीसी आणि स्क्रीन म्हणजे भट्टी. बटणांना लीफ स्विच (दोन पातळ पट्ट्या टेकून चालणारे) मिळाले तर बघा, मायक्रोस्विचची टकटक डोक्यात जाते. पुण्याच्या तापकीर गल्लीत नाही मिळाले तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन.

प्लायचा_तुकडा
सुतार रविवारी येतोय, १२ मिमी प्लाय सांगितलाय. बटणं किती उंचीवर घेऊ? माझ्या मापाने की लेकीच्या?

शिकागोकर_बंडू
तुमच्या मापाने घ्या आणि तिला स्टूल द्या. ती दोन वर्षांत वाढेल, प्लाय नाही वाढणार. फोटो टाका.