इमिडाक्लोप्रिड एचपीएलसीत दिसेनासं होतं, पण टीओसी हलत नाही

द्राक्षपट्टा
नमस्कार मंडळी. फवारणीचे पंप आणि टाक्या धुतल्यावर निघणाऱ्या पाण्यातलं इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक टायटॅनियम डायऑक्साइडने (टायटॅनियाने) प्रकाशात तोडायचं, असा एम.एस्सी.चा प्रकल्प आहे. मांडणी अशी: ५०० मिलीचं बोरोसिलिकेट बीकर, मॅग्नेटिक स्टरर, भोवती ८ वॅटच्या चार यूव्ही-ए ट्यूब (३६५ नॅमी), पी२५ (टायटॅनियाची बारीक पावडर) १ ग्रॅम/लि. इमिडाक्लोप्रिड २० मिग्रॅ/लि., कृषी सेवा केंद्रातल्या १७.८ एसएल (१७.८ टक्क्यांचं विद्राव्य द्रावण) बाटलीतून घेतलेलं.

डिस्टिल्ड पाण्यात दोन तासांत एचपीएलसीचं (रेणू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचं) इमिडाक्लोप्रिडचं शिखर ९० टक्क्यांनी खाली येतं. टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) मात्र ४८ वरून ४५ मिग्रॅ/लि., बस. विहिरीच्या पाण्यात तर शिखरही निम्म्यावर अडकतं आणि पावडर तळाला बसते. पी२५ वाढवून ३ ग्रॅम केली, काही फरक नाही. पुढे हेच गच्चीवर उन्हात करायचं आहे. कुठे चुकतंय?

उत्प्रेरक
आधी टीओसीचा हिशेब करा. इमिडाक्लोप्रिडचा रेणुभार २५५.७, त्यात कार्बन नऊ. म्हणजे २० मिग्रॅमध्ये कार्बन फक्त ८.५ मिग्रॅ. तुमचे ४८ आले कुठून? बाटलीतून. १७.८ एसएल म्हणजे लिटरला २०० ग्रॅम. २० मिग्रॅसाठी तुम्ही ०.१ मिली, म्हणजे साधारण ११२ मिग्रॅ द्रावण घातलंत. उरलेले ९२ मिग्रॅ विद्रावक आणि इतर घटक. ते सगळं डीएमएसओ हा विद्रावक धरलं तर कार्बन २८, एनएमपी धरलं तर ५५ च्या आसपास. तुमचा आकडा बरोबर या दोहोंच्या मध्ये पडतो. तेव्हा तुमचे हायड्रॉक्सिल रॅडिकल (प्रकाशात टायटॅनियावर तयार होणारे, सेंद्रिय रेणू तोडणारे) बहुतेक विद्रावकावरच खर्च होताहेत, आणि टीओसी मोजतोय तोही विद्रावकच.

यंत्रणा समजून घ्यायची असेल तर शुद्ध प्रमाणित इमिडाक्लोप्रिड घ्या (पाण्यात ६१० मिग्रॅ/लि.पर्यंत विरघळतं, विद्रावक लागत नाही). खऱ्या धुवणाचं काम दाखवायचं तर एसएलच वापरा, पण मग बाटलीतल्या सगळ्या मालाला पुरेल इतका वेळ द्यावा लागेल.

शुद्ध नमुन्यातही टीओसी मागेच राहील. रेणू तुटला की ६-क्लोरोनिकोटिनिक आम्ल उरतं. त्याचं कडं चिवट आहे. पुढे फॉर्मिक, अॅसेटिक, ऑक्झॅलिक अशी लहान आम्लं येतात. म्हणून क्लोराइड मोजा: २० मिग्रॅ/लि. पूर्ण तुटलं तर २.८ मिग्रॅ/लि. क्लोराइड मिळायला हवं. शिखर गेलं आणि क्लोराइड अर्ध्यावर, तर क्लोरीन अजून कुठल्या तरी सेंद्रिय रेणूतच बसलाय. हे मोजायचं असेल तर पीएच उतरवायला हायड्रोक्लोरिक वापरू नका. नायट्रेट मोजणार असाल तर नायट्रिकही नको.

गाळणी
विहिरीच्या पाण्याबद्दल. सगळा दोष बायकार्बोनेटवर टाकायची सवय आहे लोकांना, पण तो रॅडिकलला तितका भरभर खात नाही (८.५ × १०⁶ प्रति मोलर प्रति सेकंद. कार्बोनेट मात्र ३.९ × १०⁸). तुमची पावडर खाली बसतेय, मोठा घोटाळा तिथे आहे. पी२५ चा शून्य-प्रभार पीएच (ज्याला कणांवर निव्वळ विद्युतभार उरत नाही) ६.३ च्या आसपास. त्याच्या जवळपास, आणि वरून कॅल्शियम-मॅग्नेशियम असलं की कण एकमेकांना चिकटतात. पृष्ठभागही कमी, प्रकाशही कमी.

उपाय: सल्फ्युरिकने पीएच ४ ते ४.५ ला आणा आणि १५ मिनिटं हवा सोडून कार्बन डायऑक्साइड घालवा. बायकार्बोनेट ३०० मिग्रॅ/लि. असेल तर लिटरला १ नॉर्मल आम्ल ५ मिलीच्या जरा आतच लागतं. सल्फेट पृष्ठभागावर थोडी जागा अडवतं, तेवढं सोसायचं. फिशटँकचा हवेचा पंप प्रयोगभर चालू ठेवा. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन उचलायला ऑक्सिजन नसेल तर ते होलशी (त्यांच्या मागे उरलेल्या रिकाम्या जागेशी) परत जुळतात आणि फोटॉन फुकट जातो.

३ ग्रॅमने फरक का नाही? दुधासारखं पाणी झाल्यावर प्रकाश काठावरच संपतो, आतली पावडर अंधारात फिरते. ०.२ पासून १.५ ग्रॅमपर्यंत वेग मोजून आलेख काढा, तो सपाट होतो तिथे थांबा. पावडर तोलताना मास्क लावा.

नमुना आधी सेंट्रिफ्यूज, मग ०.२ मायक्रॉन पीटीएफई गाळणी, पहिला एक मिली टाकून द्यायचा. सुरुवातीचे ३० मिनिटं अंधारात ढवळून मगच ट्यूब लावायच्या.

द्राक्षपट्टा
धन्यवाद, क्लोराइडचा मुद्दा सुचलाच नव्हता. उन्हासाठी वेगळं काही? विषारीपणा डॅफ्नियावर (पाण्यातल्या पिसवेवर) तपासायचा विचार आहे.

सौरभट्टी
डॅफ्निया मॅग्ना इथे निरुपयोगी. इमिडाक्लोप्रिडला ती दाद देत नाही, तिचा ईसी५० (निम्म्या पिसवांवर परिणाम करणारं प्रमाण) दहा मिग्रॅ/लि.च्या बराच वर आहे. तुमचं न तोडलेलं पाणीही ‘सुरक्षित’ ठरेल. कायरोनोमस डासमाशीच्या अळ्या घ्या, त्या मायक्रोग्रॅमला मरतात.

उन्हात उत्प्रेरकाविना एक बीकर ठेवाच. इमिडाक्लोप्रिड २७० नॅमीला सर्वाधिक शोषतं, ३६५ ला जवळजवळ नाही, म्हणून ट्यूबखाली ते एकटं टिकतं. उन्हातल्या ३०० ते ३२० नॅमीत मात्र आपणहून तुटतं. तो वाटा वजा केला नाही तर टायटॅनियाला नको ते श्रेय जाईल. वेळ मिनिटांत न लिहिता पडलेल्या यूव्ही ऊर्जेत लिहा, त्यासाठी यूव्ही-ए मीटर लागेल; लक्समीटर चालत नाही. नळ्या बोरोसिलिकेटच्या, पॉलिकार्बोनेट यूव्ही अडवतं. ३० मिमी व्यासाच्या नळीत ०.२ ग्रॅम/लि. पावडर पुरते.

पण धुवणाचं पाणी खरंच निकाली काढायचं असेल तर मी टायटॅनिया सोडून फोटो-फेंटन (लोह, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि प्रकाश) घेईन. टायटॅनियाला उन्हातले चार-पाच टक्केच कामाचे, लोहाची संयुगं ४०० नॅमीच्या पलीकडचाही प्रकाश घेतात. स्पेनमध्ये अल्मेरियाला कीटकनाशकाच्या पाण्यासाठी यावर बरंच काम झालंय. पीएच २.८, फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट १०० मिग्रॅ/लि. (म्हणजे लोह २०), ३० टक्के पेरॉक्साइड एकदम न ओतता लिटरला ०.६ मिलीच्या हप्त्यांनी, पेरॉक्साइड मोजायच्या पट्टीवर संपत आलेलं दिसलं की पुढचा हप्ता. एकदम जास्त घातलं तर पेरॉक्साइड स्वतःच रॅडिकल खातं. एकूण गरज सीओडीच्या (सेंद्रिय माल रासायनिकरीत्या जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) ग्रॅममागे २.१ ग्रॅम धरा. पेरॉक्साइड उरलेल्या नमुन्याचा सीओडी लावू नका, त्याचा प्रत्येक मिग्रॅ सीओडीत ०.४७ पर्यंत भर घालतो. शेवटी पीएच ७.५ ला नेऊन लोहाचा गाळ बसवा.

आणि त्याच टाकीत बोर्डो किंवा दुसरं तांब्याचं बुरशीनाशक फिरलं असेल तर तांबं यातल्या कशानेच नष्ट होत नाही. पीएच चढवल्यावर त्यातलं बरंचसं लोहाबरोबर गाळात जातं, तेव्हा तो गाळ झाडाच्या बुंध्याशी टाकू नका.